वेस उरली, कुसू गेले

कारंज्याला तुम्ही पहिल्यांदाच गेलात आणि जुन्या वस्तीतला एखादा पत्ता विचारलात, तर म्हातारा माणूस तुम्हांला रस्त्याचे नाव सांगत बसणार नाही. तो म्हणेल, "दिल्ली वेशीतून आत या, अन् मग कोणालाही विचारा." तुम्ही मुकाट्याने वेशीखालून जाल, हवे ते घर सापडेल आणि ही गोष्ट विसरूनही जाल. पण त्याचा तो "आत या" हा शब्द क्षणभर कानात राहू द्या. आत म्हणजे कशाच्या आत? वेशीच्या दोन्ही बाजूंना पाहावे तर दुकाने आहेत, घरे आहेत, विजेचे खांब आहेत. गावाभोवतीचे कुसू बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले आहे. आत आणि बाहेर वेगळे करणारी भिंत गेली, तरी 'आत' शिल्लक आहे. ते त्या एका कमानीने धरून ठेवले आहे.

भिंत गेली आणि दार राहिले, असे का होते? आणि जे दार राहिले त्याचे आपण काय करावे? या दोन प्रश्नांविषयी चार गोष्टी तुमच्यापुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कारंजा हे आज वाशीम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. त्यापूर्वी कारंजे अकोला जिल्ह्यात होते. लाड व्यापाऱ्यांवरून त्याला 'कारंजा लाड' म्हणतात. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांची तिथे नेहमी वर्दळ असते. जुन्या गावाच्या चार वेशी प्रसिद्ध आहेत : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस.

ही नावे जरा निरखून पाहा. वेशीला नाव गावातल्या वस्तीचे दिलेले नाही. वेशीतून निघालेला रस्ता जिथे पोचतो, त्या गावाचे दिले आहे. दारव्ह्याला जाणारी ती दारव्हा वेस, मंगरूळपीरला जाणारी ती मंगरूळ वेस, आणि जवळच्या पोह्याला जाणारी ती पोहा वेस. चौथी मात्र एकदम दिल्लीला जाते! पोहे म्हणजे शेजारचे खेडे, आणि दिल्ली कितीतरी मुक्कामांवर. पण दोघींना एकाच मापाची पाटी मिळाली. हा रिवाज कारंज्यापुरताच नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा उत्तरेकडचा मोठा दरवाजा 'दिल्ली दरवाजा', छत्रपती संभाजीनगरात 'दिल्ली दरवाजा', आणि खुद्द जुन्या दिल्लीत पाहाल तर 'लाहोरी दरवाजा' आणि 'अजमेरी दरवाजा'. रस्त्यावर मैलाचे दगड आणि पाट्या नव्हत्या, त्या काळी दरवाजा हीच पाटी होती. बैलगाडी हाकणाऱ्याला अक्षरओळख नसली तरी कोणत्या वेशीतून बाहेर पडायचे हे त्याला ठाऊक असे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गावाला चार वेशी आणि तट कशाला हवा होता? त्याचे उत्तर कारंज्याच्या श्रीमंतीत आहे. वऱ्हाडातली ही मोठी पेठ. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर त्याच वर्षी, म्हणजे १६७० च्या अखेरीस, शिवाजीमहाराजांच्या फौजा वऱ्हाडात उतरल्या आणि त्यांनी कारंजे लुटले. कारंजे तेव्हा मोगलांच्या अमलाखाली होते. उंची कापड, सोने आणि चांदी असा सुमारे एक कोटी रुपयांचा ऐवज चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेला, असे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी लिहिले आहे. गावातले सावकार खंडणीसाठी धरून नेले. त्यांतला सर्वांत मोठा सावकार तेवढा बायकांचे कपडे घालून निसटला. महाराजांच्या सैन्यात स्त्रीच्या अंगाला हात लावायची सक्त मनाई होती, आणि हे त्या सावकारालाही पक्के ठाऊक होते! त्या गडबडीत तो कोणत्या वाटेने बाहेर पडला हे इतिहासाने लिहून ठेवलेले नाही. पण पेठेचे गाव आणि गावाची वाट यांचा संबंध किती जवळचा होता, हे या एका गोष्टीवरून कळते.

आणि गावात जपण्यासारखे होते ते काही सोनेच नव्हे. कारंज्याच्या जैन मंदिरांत जुन्या हस्तलिखितांची भांडारे शतकानुशतके सांभाळली गेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्या पोथ्या अभ्यासल्या, आणि १९३३ साली पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' व १९३४ साली 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश भाषेतले ग्रंथ छापून निघाले. मराठीच्या आधीची आपली बोली कशी होती, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांना या पोथ्यांकडे यावेच लागते. पोथी लिहिली जाते एकदाच, पण ती वाचवावी लागते दर पिढीला. गावाला वेस असण्याचा हाही एक उपयोग होता.

वऱ्हाडात तटाची गरज पुढेही राहिली. पेंढाऱ्यांच्या धाडी सुरू झाल्या, तेव्हा श्रीमंत व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या सरकारने १८०७ साली अमरावतीला दगडी परकोट बांधायला घेतला. त्याचा घेर सव्वादोन मैल, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटरांहून थोडा जास्त, आणि उंची वीस ते सव्वीस फूट. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. इथे खिडकी म्हणजे घराची खिडकी नव्हे; तटातून पायी येण्याजाण्यासाठी ठेवलेला लहान दरवाजा, त्याला खिडकी म्हणत. त्यांतल्या एका खिडकीपाशी १८१८ साली झालेल्या मारामारीत सातशे माणसे पडली, म्हणून तिचे नाव 'खुनारी खिडकी' पडले. अमरावतीच्या तटाचा बराच भाग सुदैवाने अजून उभा आहे. तट आणि दरवाजा एकमेकांना कसे सांभाळत, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो जरूर पाहावा.

वेस म्हणजे नुसती कमान नव्हे. तिचे अवयव माहीत असले की उरलेल्या अवशेषांवरूनही सारे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. दोन बाजूंना दोन बुरूज, मध्ये कमान. कमानीत सागवानी फळ्यांची दोन मोठी दारे, त्यांवर लोखंडी पट्ट्या आणि खिळे. आजच्यासारख्या बिजागऱ्या त्या दारांना नसत. दाराच्या कडेच्या लाकडालाच वर आणि खाली गोल खुंट काढीत. खालचा खुंट दगडात कोरलेल्या खळगीत बसे आणि दार त्या खळगीत फिरे. जुन्या वेशीच्या पायाशी नीट पाहा. असा गोल खळगा कुठे दिसला तर तिथे दार फिरत होते असे समजा. दार लोटले की आतून अडसर घालीत. अडसर म्हणजे जाड लाकडी तुळई. तिच्यासाठी दोन्ही भिंतींत चौकोनी भोके ठेवलेली असत. दिवसा ती तुळई भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायची आणि रात्री ओढून आडवी करायची. मोठ्या दारातच एक लहान दार असे, ती दिंडी. मोठे दार बंद झाल्यावर उशिरा आलेल्या माणसाने दिंडीतून यायचे. तेही वाकून आणि एकट्याने. वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही, हे त्यातले शहाणपण.

आतल्या अंगाला दोन्हीकडे ओटे असलेल्या कोनाड्यासारख्या खोल्या असत. त्या देवड्या. पहारेकरी तिथे बसत, निजत, स्वयंपाकही करीत. मोठ्या दरवाजांना दाराच्या फळीवर अणकुचीदार खिळे ठोकत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर ते अजून दिसतात. हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ते मुद्दाम बसवलेले आहेत, म्हणजे हत्तीने टक्कर द्यायला यावे आणि आधी स्वतःच घायाळ व्हावे. शिवाय आत शिरल्यावर वाट एकदम वळते. धावत आलेल्या फौजेला वळणावर थांबावेच लागते. वास्तू बांधणाऱ्याने शत्रूच्या पावलांचा हिशोब आधीच करून ठेवलेला असतो.

आता आपला पहिला प्रश्न. कुसू गेले आणि वेस का राहिली?

एक कारण बांधणीचे आहे. गावकुसाची भिंत पुष्कळदा बाहेरून दगडी दिसते, पण तिच्या पोटात माती आणि दगडगोटे भरलेले असतात. वरचा माथा उघडा पडला, दोनचार पावसाळे पाणी आत मुरले, की भिंत पोटातून फुगते आणि ढासळते. त्यात आपल्या वऱ्हाडची काळी जमीन. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. पाया उथळ असला तर भिंत दरवर्षी थोडी हलते. वेशीचे तसे नसते. तिथे घडीव दगड, चांगला मळलेला चुना आणि खोल पाया. कमानीचे दगड पाचरीसारखे तासलेले असतात. आधी लाकडाचा साचा उभा करायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत आणायचे, शेवटी माथ्याचा दगड ठोकून बसवायचा आणि साचा काढून घ्यायचा. मग वरचा भार दगडांना एकमेकांत दाबून बसवतो. भार जितका नेटका, तितकी कमान घट्ट. कमान वजनाने सहसा पडत नाही. ती पडते बाजूचा आधार सुटला म्हणजे. तिचा रेटा दोन्ही बाजूंना जातो, आणि तो झेलायला बुरूज असतात.

दुसरे कारण मालकीचे आहे. पेंढारी १८१७-१८ मध्ये संपले. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. पुढे आगगाडी आली, आणि बाजाराचा माल वेशीऐवजी स्टेशनात उतरू लागला. तटाचे काम संपले. काम संपलेली भिंत सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. कोणी तिचे दोन दगड जोत्यासाठी नेले, कोणी तिला टेकून गोठा बांधला, कोणी तिची माती घर सारवायला नेली. हे वाईट हेतूने झाले असेही नाही. आपल्याच गावाचा दगड आपल्याच घराला लागला! पण वेशीचे काम मात्र संपले नव्हते. तिच्यातून रस्ता जात होता. रस्त्यात उभ्या असलेल्या वस्तूला लोक वळसा घालतात, पण रोजच्या वाटेवरचे छप्पर सहसा कोणी मोडत नाही. शिवाय तिचे नाव लोकांच्या पत्त्यात शिरले होते. पत्त्यातली वस्तू पाडणे म्हणजे गावाच्या तोंडातला शब्द काढून घेणे.

असे इतरत्रही झालेले दिसते. नागपूरच्या भोसल्यांचा महाल काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीव कामाने भरलेला होता. तो १८६४ साली जळाला. १९०८ सालच्या सरकारी गॅझेटिअरात नोंद आहे ती त्यातल्या एकट्या नगारखान्याची. राजा गेला, महाल गेला आणि दारावरचा नगारखाना तेवढा मागे राहिला. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्याला आग लागली. वरचे मजले सागवानी होते, ते गेले. तट, बुरूज आणि पाच दरवाजे राहिले. आज आपण 'शनिवारवाडा' म्हणून ज्याचे चित्र ओळखतो, ते वाड्याचे चित्रच नव्हे. ते त्याच्या दरवाजाचे चित्र आहे.

विलायतेतही हीच गत. तिथे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळात, म्हणजे १७१४ ते १८३० या अवधीत, सरदार-जमीनदारांनी मोठमोठ्या हवेल्या आणि बागा उठवल्या. हवेलीच्या फाटकाशी एक चिमुकले देखणे घर बांधीत. त्यात फाटकवाला आपल्या कुटुंबासह राही. बग्गीचा आवाज आला की धावत येऊन फाटक उघडायचे, हे त्याचे काम. विसाव्या शतकात दोन महायुद्धे झाली, वारसाकर वाढले, नोकर मिळेनासे झाले, आणि शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. कितीतरी ठिकाणी आता माळरानाच्या कडेला ते फाटकवाल्याचे घर तेवढे उभे दिसते. मागे हवेली नाहीच. लंडनमधले डेव्हनशायर हाऊस असेच. १७३० च्या दशकात बांधायला घेतलेला हा सरदारी वाडा १९२४ साली पाडला. त्याचे लोखंडी फाटक मात्र समोरच्या ग्रीन पार्क या सार्वजनिक बागेच्या तोंडाशी उभे आहे. पूर्वी त्यातून सरदारांच्या बग्ग्या जात. आज कोणीही जावे.

इथे एका माणसाची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. विलायतेतल्या फाटकवाल्याला निदान फाटकाशी घर होते. आपल्या गावगाड्यात वेस राखणारा तो वेसकर. पुष्कळ गावांत हे काम महार समाजाकडे वंशपरंपरेने असे. संध्याकाळी वेस लावायची, पहाटे उघडायची, परक्या माणसाला हटकायचे, सरकारी कामगार आला की त्याच्यापुढे धावायचे, मयताची बातमी परगावी पोचवायची, अशी कामे त्याच्या वाट्याला येत. मोबदला म्हणजे बलुते आणि दारोदार मागून आणायची भाकर. हातात घुंगरांची काठी असे. ती वाजली की लोकांना कळे, वेसकर आला. पण ज्याच्या भरवशावर सारा गाव दारे लावून निजे, त्याचे स्वतःचे घर गावकुसाबाहेर असे. दार राखणाऱ्याला दाराच्या आत जागा नव्हती. 'गावकुसाबाहेरचे' हा शब्द आजही आपल्या भाषेत आहे, आणि तो उच्चारताना भिंत कोणाविरुद्ध उभी होती हा प्रश्न टाळता येत नाही. चोरासाठी आणि पेंढाऱ्यासाठी ती होतीच. पण तिने गावातलीच माणसे बाहेर ठेवली, हेही तितकेच खरे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही वतनदारी म्हणजे हक्क नसून बेडी आहे हे ओळखले, आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली अशी कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. तेव्हा कुसू पडले याचे सरसकट दुःख करण्याचे कारण नाही. त्या भिंतीचा जो भाग मनातला होता, तो पडला पाहिजे होताच. आणि तो सगळा पडला आहे असे छातीवर हात ठेवून कोणाला म्हणता येईल? पण वेस राहिली याचा आनंद मानायला हरकत नाही. तिला आता दार नाही, अडसर नाही, दिंडी नाही. ज्याला पूर्वी तिच्याखाली काठी घेऊन उभे राहावे लागे, त्याची नातवंडे आज तिच्याखालून दप्तर घेऊन शाळेला जातात. वास्तू तीच, पण तिचा अर्थ लोकांनी बदलला. म्हणूनच ती जपायची आहे. ती पाडली तर मुलांना हा सारा इतिहास कशाला हात लावून सांगणार?

आणि आपल्या चालीरीतींत वेस किती ठिकाणी बसली आहे, तेही आठवा. गावाची वस्तीची जागा ती पांढरी, शेताची जमीन ती काळी. पांढरी आणि काळी जिथे भेटतात तिथे वेस. पोळ्याला तोरण बांधायचे, बैल आणायचे ते गावच्या तोंडाशी. नवरदेवाचे वऱ्हाड आले की त्याची पूजा गावच्या सीमेवर करायची, म्हणून तिचे नाव सीमांतपूजन. आज ती मंगल कार्यालयाच्या पंख्याखाली होते, पण नाव सीमेचेच आहे. सासरी जाणाऱ्या लेकीला आई वेशीपर्यंत पोचवते, आणि कुळाची लाज गेली तर ती 'वेशीला टांगली' म्हणतो. रडणे, हसणे आणि लाजणे या तिन्ही गोष्टी गावाने वेशीपाशी केल्या आहेत.

आता दुसरा प्रश्न. या उरलेल्या वेशींचे करायचे काय?

वेशीला आज पेंढाऱ्यांचे भय नाही. तिला भय आहे ते आपल्या बेफिकिरीचे. तुमच्या गावात वेस असेल, मग ते कारंजे असो की दुसरे कोणते, तर जाता-येता पाच गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट माथ्यावरची. कमानीवर पिंपळाचे किंवा वडाचे रोप दिसते का? पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते, फटीत रुजते, आणि मुळे चुन्याच्या सांध्यांतून वाट काढतात. रोप बोटभर असताना काढले तर दहा मिनिटांचे काम; झाड झाल्यावर नुसते ओढले तर मुळांबरोबर दगडही निघतात. मोठे झालेले झाड उपटू नये; ते कापून, मुळे मारून, मग फटी भरून घ्याव्या लागतात आणि ते जाणकाराचे काम आहे.

दुसरी गोष्ट पायाशी. डांबर किंवा काँक्रीट दरवेळी जुन्यावरच चढवतात. रस्ता बोटाबोटाने वर येतो आणि वेस तितकी जमिनीत जाते. मग पावसाचे पाणी वेशीच्या पायाशी साचते, आणि उंची कमी झाल्याने ट्रकचा माथा कमानीला घासतो. लोक म्हणतात, "वेस बुटकी आहे, पाडा." वेस बुटकी नसते, रस्ता उंच झालेला असतो. नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढला तर ही अडचण निम्मी सुटते.

तिसरी गोष्ट डागडुजीची. जुन्या वेशीला सिमेंटचा गिलावा करून वर रंग काढला, म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते. चुन्याच्या बांधकामात ओल येते आणि जाते; चुना श्वास घेऊ देतो. सिमेंट वरून तोंड बंद करते. ओल आतच कोंडते, सांधे भुसभुशीत होतात आणि एक दिवस गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊन गळून पडतो. चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा. आपल्याकडचे जुने गवंडी चुना घाणीत मळून, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असे पदार्थ घालून तो चिवट करीत. ती विद्या जाणणारे कारागीर आजही मिळतात. शोधले मात्र पाहिजेत.

चौथी गोष्ट बाजूची. मघाशी सांगितले ते लक्षात असेल : कमानीचा रेटा बुरूज झेलतात. रस्ता रुंद करताना "कमान ठेवतो, बाजूचे काढतो" असे कोणी म्हणाले, तर तो कमानीचे हातच काढतो आहे असे समजा. वाहनांना जागा हवी हे खरे. गाव वाढले, रुग्णवाहिकेला आणि अग्निशामक बंबाला वाट हवीच. पण कुसू गेल्यामुळे वेशीच्या अलीकडे-पलीकडे वाट काढता येते. जड वाहने बाहेरून वळवावीत आणि वेशीखालून माणसे, सायकली, रिक्षा जाऊ द्याव्यात. वेशीला जाळी लावून, कुलूप घालून तिला शोभेची वस्तू करणे हाही उपाय नव्हे. तिच्याखालून कोणी जाईनासे झाले की तिची काळजी वाहणारेही कोणी उरत नाही.

पाचवी गोष्ट कागदाची. महाराष्ट्रात प्राचीन स्मारकांविषयीचा १९६० चा कायदा आहे, केंद्राचा १९५८ चा आहे. आपली वेस संरक्षित यादीत आहे की नाही हे नगरपरिषदेत आणि पुरातत्त्व खात्यात विचारून घ्यावे. यादीत नसेल तर तसा अर्ज गावाने करावा. राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे एक आहे. पण सगळा भार सरकारवर टाकून चालत नाही. वेशीवर वाढदिवसाचे फलक टांगू नयेत, विजेच्या तारांसाठी दगडात खिळे ठोकू नयेत, देवडीत कचरा लोटू नये, एवढ्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. एखाद्या शनिवारी मुलांना वेशीपाशी न्या. दोरी आणि मोजपट्टी द्या. कमानीची रुंदी किती, उंची किती, भिंतीची जाडी किती, अडसराची भोके कुठे, दार फिरण्याचा खळगा आहे की नाही, हे मुलांना मोजू द्या आणि वहीत चित्र काढू द्या. मग घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगा, वेशीला दारे कोणी पाहिली होती का, वेस कोण राखत असे, ते कुठे राहत. या उत्तरांची एक वही शाळेत ठेवा. कुसवाचे दगड गेले ते गेले, पण माहिती जाऊ देणे आपल्या हातात आहे आणि न जाऊ देणेही.

भिंत बांधणाऱ्याला वाटले होते की गाव भिंतीने राखले जाते. काळाने दाखवले ते वेगळे. राखली गेली ती वाट, कारण तिच्यावरून माणसे चालत राहिली. पुढच्या वेळी कारंज्यात कोणी तुम्हांला "दिल्ली वेशीतून आत या" म्हणाले, तर कमानीखाली क्षणभर थांबा. आधी वर बघा, पिंपळाचे रोप आहे का ते. मग खाली बघा, पाणी साचले आहे का ते. दिसले तर नगरपरिषदेत जाऊन सांगा. आणि मग आत या.